झाड घ्यावं की टाळावं? (जुन्या इमारतींचे एचडीआर फोटो)

तिरकी तिपाई

नमस्कार मंडळी,

गेले दोन रविवार एका जुन्या दगडी इमारतीच्या मागे लागलोय. दोन मजले, खाली कमानींची ओळ, वर लाकडी कठडा आणि डाव्या अंगाला इमारतीच्याही डोक्यावरून गेलेलं एक झाड.

पहिल्या रविवारी झाड कटाक्षाने टाळलं. समोर मधोमध ट्रायपॉड लावला, एकेका स्टॉपच्या (दर स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने पाच एक्स्पोजर घेतली आणि घरी येऊन जोडली, म्हणजे एचडीआर केलं. कमानींच्या आतला अंधार उघडला, चिऱ्यांमधला चुना दिसायला लागला, ढगही टिकले. सगळं जिथल्या तिथे. पण बघताना वाटतं, इमारतीला स्टुलावर बसवून ओळखपत्राचा फोटो काढलाय. वर निम्मा फोटो नुसतं आकाश, खाली नुसती फरशी.

दुसऱ्या रविवारी झाडाखाली जाऊन उभा राहिलो. एक फांदी वरून अलगद चौकटीत येत होती, स्क्रीनवर बघून जीव हरखला. घरी येऊन जोडकाम केलं तर पानांच्या जागी हिरवा लगदा. आकाशावर आलेल्या प्रत्येक डहाळीभोवती तसबिरीतल्या संतांसारखी पांढरी प्रभावळ. आणि जिथे पानं ओळखू येतात तिथला हिरवा असा, की कुणीतरी हायलाइटर पेन फिरवलंय. इमारत मात्र झकास आलीये! दोन्ही फोटो वर टाकलेत.

तर एचडीआर करायचं असेल तर झाड टाळावंच का? कॅमेरा फुल फ्रेम, लेन्स २४ मिमी, अॅपर्चर एफ/८, आयएसओ (संवेदनशीलता) १००, मधली फ्रेम १/१२५ सेकंदाला.

शटरवेडा

पहिला!

झाड टाळू नका, एचडीआर टाळा. हे प्रकरणच भडक असतं. हल्लीच्या कॅमेऱ्यांत एका रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) सावल्या भरपूर उचलता येतात. एक फ्रेम, एक क्लिक, घरी जा.

राखाडी१८

तिपाईराव, चूक झाडाची नाही, १/३० ची आहे.

मधली फ्रेम १/१२५ म्हणजे सगळ्यात गडद १/५०० ला आणि सगळ्यात उजळ १/३० ला. १/५०० ला पान थिजतं. १/३० ला नुसती झुळूक आली तरी ते पुसतं. वर पाचही फ्रेममध्ये तेच पान पाच जागी असणार. दगड जागचा हलत नाही म्हणून तो बिनबोभाट जोडला जातो. तुमच्या फोटोत इमारत चांगली आणि झाड वाईट येण्याचं कारण एवढंच आहे.

आयएसओ ४०० करा. मधली फ्रेम १/५०० होईल, गडद १/२००० आणि उजळ १/१२५. फुल फ्रेमवर ४०० ला घाबरायचं कारण नाही, शिवाय सावल्यांचा तपशील उजळ फ्रेममधूनच येतो. दुसरं म्हणजे पाच कशाला? दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन घ्या. उणे दोन ते अधिक दोन एवढाच पल्ला मिळतो आणि वाऱ्याला दोन संधी कमी. कंटिन्युअस ड्राइव्ह लावा, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. अॅपर्चर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअल. बदलायचा तो फक्त शटर.

प्रभावळीचं लिहितो, पण जेवून.

चौकटीबाहेर

राखाडी जेवेपर्यंत मी घुसतो. :)

तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. तंत्राचं बाजूला ठेवा, मला ती फांदीच पटत नाही. ती वरच्या कडेतून येते आणि तिला मागचा-पुढचा पत्ता नाही. खोड नाही, जाड भाग नाही, नुसता पानांचा घोस लोंबतोय. डोळ्याला कळत नाही की हे कुठून आलं, म्हणून ते चिकटवल्यासारखं दिसतं. फांदी घ्यायची तर ती जिथे जाड होते तो भाग तरी आत असू द्या. खोड मिळालं तर उत्तमच. डाव्या कडेला खोड, त्यातून निघालेली फांदी वरून उजवीकडे जातेय आणि त्या काटकोनात इमारत, असं झालं की आकाशाचा रिकामेपणाही भरतो आणि नजर बाहेर न सांडता कमानींवर उतरते.

आता बारीक गोष्ट. फांदीचं टोक छपराच्या उजव्या कोपऱ्याला बरोब्बर टेकतंय. टेकणं सगळ्यात वाईट. एकतर ती छपरावरून स्पष्ट पुढे जाऊ द्या, नाहीतर मध्ये आकाशाची फट ठेवा. टेकलं की पुढचं झाड आणि मागचं छप्पर एकाच कागदावर काढल्यासारखं होतं, खोली जाते. त्यासाठी लेन्स बदलायची गरज नाही. दोन पावलं डावीकडे सरका. फांदी तुमच्याजवळ आहे आणि इमारत लांब, त्यामुळे दोन पावलांत फांदी हातभर सरकते आणि छप्पर तसूभरही नाही. जुन्या इमारतीच्या फोटोत झाडाची ही मोठी सोय आहे, इमारत काही तुमच्यासाठी सरकणार नाही, पण झाड तुम्ही हवं तिथे नेऊन ठेवू शकता. विजेचा खांब, वातानुकूलनाचा डबा, पाण्याची टाकी, यातलं काय काय खोडाआड जातं तेही त्या दोन पावलांत बघा.

आणि मधोमध उभं राहायचा हट्ट सोडा. झाड एका अंगाला आहे म्हटल्यावर इमारतही कोपऱ्यावरून घ्या. दोन भिंती दिसतील, एक उजेडात आणि एक सावलीत. तिथे तुमच्या एचडीआरला खरं काम मिळेल.

पानगळ

चौकटीबाहेर यांना +१. वाखू (वाचनखूण) साठवली.

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी पानगळीनंतरच फोटो काढते (आयडीवरून कळलंच असेल). पानं असताना झाड इमारतीला झाकतं, पानं गेल्यावर तेच झाड जाळीच्या पडद्यासारखं होतं. मागची खिडक्यांची ओळ त्यातून दिसत राहते. पण तिपाई, त्या प्रभावळीचा सगळ्यात जास्त जाच निष्पर्ण झाडांनाच होतो. काडीएवढ्या शेकडो डहाळ्या आणि मागे पांढरं आकाश. माझे पहिले असे फोटो बघून घरच्यांनी विचारलं होतं, झाडाला रोषणाई केली होती का?

त्यातून सुटका म्हणून मी एक सवय लावून घेतली, झाड न घेता झाडाची सावली घ्यायची. सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात गिलाव्याच्या भिंतीवर अख्खं झाड पडलेलं असतं. सावलीच्या आत भिंतीचे पोपडे दिसतात, उन्हातल्या भागात करणीच्या थापा दिसतात, आणि दोन्ही एका फोटोत हवं असेल तर एचडीआर लागतंच. आकाश फ्रेममध्ये नसल्यामुळे कडांची भानगड उरत नाही. जमिनीवरच्या कवडशांचंही तसंच. फक्त उन्हाचे कवडसे वाऱ्याने नाचतात आणि ढग आडवा आला की मधली फ्रेम उन्हातली आणि पुढची सावलीतली, तेव्हा ढग जाईपर्यंत थांबायचं.

राखाडी१८

आलो.

प्रभावळी दोन जातीच्या असतात आणि दोघींवर एकच औषध चालत नाही.

पहिली संगणकात तयार होते. टोन मॅपिंगमध्ये, म्हणजे जोडलेल्या फाइलमधला उजेडाचा मोठा पल्ला पडद्यावर मावेल एवढा आखडताना, सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा उजेड ठरवताना त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघतं. काळ्या फांदीला लागून असलेल्या आकाशाला शेजारी अंधार दिसतो, म्हणून ते आकाश जास्त उजळवलं जातं. फांदीपासून लांबच्या आकाशाला शेजारीही उजेडच दिसतो, म्हणून ते दाबलं जातं. झाली प्रभावळ. ती रुंद आणि धूसर असते. स्ट्रेंथ, लोकल कॉन्ट्रास्ट खाली आणा की ओसरते. किंवा टोन मॅपिंगच्या वाटेला न जाता एक्स्पोजर फ्यूजन वापरा. २००७ मध्ये मर्टन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी मांडलेली ही पद्धत. त्यात मोठ्या पल्ल्याची मधली फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेमचा जो भाग नीट उजळलेला आहे त्याला जास्त वजन देऊन थेट मिसळतात. झाडं असतील तिथे ती मला जास्त सभ्य वाटते.

दुसरी प्रभावळ कॅमेऱ्यातच जन्मते. ती बारीक, दोन-चार ठिपक्यांची, बऱ्याचदा जांभळट. उजळ फ्रेममध्ये मागचं आकाश एवढं भडकतं की ते डहाळीच्या कडा खातं. गडद फ्रेममध्ये हीच डहाळी जाड दिसते, उजळमध्ये बारीक. दोन्ही एकमेकांवर ठेवल्या की कडेला उरलेली पट्टी चमकते. इथे स्लायडर कितीही ओढा, जात नाही. झाडाचा आकाशावर आलेला भाग एकाच फ्रेममधून घेणे, हाच इलाज. गडद किंवा मधल्या फ्रेमची रॉ फाइल स्वतंत्र उघडायची, त्यातलं झाड आणि त्यामागचं आकाश तेवढं मास्क करून जोडलेल्या फोटोवर आणायचं. फांद्या थोड्या काळ्या राहतात. राहू देत. आकाशासमोरची फांदी डोळ्यालाही काळीच दिसते.

डिघोस्टिंग (हलणाऱ्या गोष्टींची दुहेरी भुतं काढणं) वापरणार असाल तर संदर्भ फ्रेम कोणती धरायची ते सॉफ्टवेअरवर सोडू नका. हलणाऱ्या भागासाठी ते एकच फ्रेम प्रमाण मानतं. उजळ फ्रेम धरली तर पानांच्या फटींत पांढरी भोकं पडतात. मधली धरा.

@शटरवेडा, एका रॉवर भागत असेल तर भागवावंच, दुमत नाही. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) दोन्ही टोकांना आपटत नसेल तर तीन फ्रेम घेणं म्हणजे उगाच कष्ट. पण दुपारचं आकाश आणि कमानीच्या आतली खोली एका फोटोत हवी असेल तर हिस्टोग्राम आपटतोच.

शटरवेडा

मग ग्रॅज्युएटेड फिल्टर लावा की! वरून काळा, खालून साफ. आकाश दबतं, एका क्लिकमध्ये काम.

राखाडी१८

झाडाचा शेंडाही दबतो आणि छप्परही. तो फिल्टर सपाट क्षितिजासाठी आहे.

आणि हे दुखणं फार जुनं. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रं केली, त्यातल्या काहींत आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि पाण्याची वेगळी. तेव्हाची निगेटिव्ह निळ्या उजेडाला फार संवेदनशील, त्यामुळे खालचं नीट यावं म्हणून एक्स्पोजर दिलं की आकाश भाजून निघायचं. त्याने दोन्ही क्षितिजावर जोडल्या. आता बघा, क्षितिज सरळ रेघ होती म्हणून ते जमलं. मध्ये एखादं झाड उभं असतं तर कात्री कुठून चालवणार होता? १९९७ मध्ये डेबेवेक आणि मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंतून दृश्याचा खरा उजेड मोजायची रीत दिली, तेव्हा कात्रीची जागा गणिताने घेतली. पण समोरचं दृश्य सगळ्या फ्रेममध्ये स्थिर असावं हे त्या गणितातही गृहीत आहे. झाड ते ऐकत नाही.

कवडसा

मस्त चाललाय धागा. एक मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून लिहितो, झाड एचडीआरचं ओझं कमीही करतं.

फ्रेममधला सगळ्यात उजळ भाग कुठे आहे ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा तो सूर्याच्या बाजूचा आकाशाचा तुकडा असतो. असं उभं राहायचं की झाडाचा दाट भाग नेमका त्यावर येईल. पानांनी तो झाकला की दृश्याचा पल्ला एकदम आखडतो, कधीकधी दोन फ्रेममध्ये काम होतं. शटरवेडा यांच्या फिल्टरचं काम झाड करतं आणि ते दिसतंही चांगलं. सूर्य पानांआडून टिचभर डोकावत असेल तर एफ/१६ ला तारा फुटतो, पण रोज रोज तारे फोडू नयेत.

हिरव्याबद्दल: सगळ्या फोटोचं सॅच्युरेशन वाढवलंत म्हणून हायलाइटर झालाय. झाडाच्या हिरव्यात पिवळा बराच असतो. पिवळ्याचं सॅच्युरेशन खाली आणा, हिरव्याचं थोडं, ह्यू (रंगछटा) किंचित पिवळ्याकडून थंड हिरव्याकडे. क्लॅरिटी (बारकाव्यांचा उठाव) फक्त दगडावर. पानांवर लावली की प्रत्येक पान पत्र्याचं होतं. पाऊस पडून गेल्यावर पोलरायझर लावला तर पानांवरची पांढरी चकाकी जाते आणि रंग आपोआप खोल होतो, मग संगणकात ओढाताण लागत नाही. मात्र २४ मिमीला आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येईल, तेव्हा आकाश कमी असतानाच.

नवखा डोळा

मी फोनवर काढतो. फोन आपोआप एचडीआर करतो ना? माझ्या फोटोत पानं पुसत नाहीत, पण कुरकुरीत दिसतात. असं का?

राखाडी१८

फोन फ्रेम फार भराभर घेतो. गूगलच्या एचडीआर प्लसची मूळ पद्धत तर वेगवेगळी एक्स्पोजर घेतच नाही, एकाच गडद एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करते आणि मग सावल्या उचलते. सगळ्या फ्रेम सारख्या असल्यामुळे जुळवायला सोप्या, भुतं कमी. कुरकुरीतपणा नंतरच्या शार्पनिंगचा. रॉ साठवायची सोय असेल तर चालू करा.

हिरवा बाण

एवढं कशाला? नडणारी डहाळी मोडून टाकायची. मी दोनदा केलंय.

पानगळ

@हिरवा बाण, तिसऱ्यांदा करू नका. फोटोसाठी झाड मोडणारा उद्या खिडकीचं लाकूडही बाजूला करेल.

चौकटीबाहेर

पानगळताईंशी सहमत. तिपाईरावांना दिलेली दोन पावलं तुम्हालाही लागू.

अवांतर: भिंतीतच उगवलेल्या झाडाचं काय करता? कंबोडियातल्या ता प्रोमसारखं. ११८६ मधलं देऊळ, मुळं भिंतींवरून वितळल्यासारखी उतरलेली. तिथे झाड चौकट राहतच नाही, तेच विषय होतं.

कवडसा

तिथे सोपं आहे उलट. मुळं आणि खोड हलत नाहीत, दगडासारखीच वागतात. बिनधास्त पाच फ्रेम घ्या, आकाश वगळा. अडचण वेगळीच येते, साल आणि दगड दोन्ही करडे. झाडीत ढगाळ उजेड असला तर एकमेकांत मिसळून जातात. बाजूने येणारा उजेड हवा, नाहीतर टोन मॅपिंग दोघांना एकाच पातळीवर आणून ठेवतं. कृष्णधवल करणाऱ्यांनी हिरवा चॅनेल उजळून शेवाळ वेगळं काढावं.

तिरकी तिपाई

सगळ्यांचे आभार. आज तिसरा रविवार. सविस्तर लिहितो, कारण पहिल्या खेपेला स्वतःच माती खाल्ली.

उजाडताना पोचलो, वारा पडलेला होता. दोन नव्हे, चार पावलं डावीकडे सरकलो. खोड डाव्या कडेला आलं आणि त्यामागे खांब गडप. फांदी छपराच्या कोपऱ्यावरून हातभर पुढे गेली. आयएसओ ४००, तीन फ्रेम. स्क्रीनवर मोठं करून बघतो तर पहिल्या दोन फ्रेममध्ये कठडा शार्प आणि तिसरीत फांदी. ऑटोफोकस चालूच राहिला होता! राखाडींनी 'सगळं मॅन्युअल' लिहिलं होतं, मी चारपैकी तीन केलं.

मग फोकस मॅन्युअल करून अडीच मीटरवर ठेवला. २४ मिमी आणि एफ/८ ला हायपरफोकल साधारण २.४ मीटर येतो, म्हणजे सव्वा मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं शार्प. फांदी दीड मीटरवर होती, सुटली बिचारी. आधी कॅमेरा वर तोंड करून धरला होता तेव्हा भिंती आत झुकत होत्या. नंतर त्या सरळ केल्या तर कडेचं खोड बाहेर कलंडायला लागलं. म्हणून कॅमेरा समतल केला, खालची फरशी जास्त आली ती कापून टाकली.

जोडणी फ्यूजनने केली. आकाशावरचं झाड मधल्या फ्रेममधून मास्क केलं, एक तास गेला. पिवळा खाली आणला. नवीन फोटो वर टाकलाय.

चौकटीबाहेर

वा! आता इमारत झाडामागून बघतेय असं वाटतं. खोडाचा खालचा भाग अजून एक स्टॉप काळा चालला असता, सगळीकडे सारखा उजेड पाडायची गरज नाही.

राखाडी१८

छान. वरून तिसरी डहाळी, उजव्या टोकाला मास्क दोन ठिपके चुकलाय. सांगितलं नसतं तर कुणाला दिसला नसता, पण आता तुम्हाला रोज दिसेल. :)

पानगळ

दुसऱ्या कमानीत ते काय आहे? घोस्टिंग राहिलंय का?

तिरकी तिपाई

मांजर आहे. झोपलेलं. तिन्ही फ्रेममध्ये जागचं हललं नाही, झाडापेक्षा शहाणं.

नवखा डोळा

मोठं करून पाहिलं. मांजर एकच आहे, पण शेपट्या दोन आहेत.

तिरकी तिपाई

मास्क करतो.